‘हा आधी घातला होतास ना?’

‘हा कुर्ता तू फ्रेशर्सला घातला होतास ना?’

हे वाक्य एकदाही ऐकलं नाही अशी कॉलेजमधली मुलगी शोधून दाखवा. बोलणारीच्या मनात वाईट काही नसतं. ती सहज बोलते आणि कॅन्टीनच्या रांगेत जाऊन उभी राहते. पण ऐकणारीच्या डोक्यात ते वाक्य ठाण मांडून बसतं. घरी गेल्यावर तो कुर्ता कपाटाच्या मागच्या कप्प्यात जातो आणि पुढच्या कार्यक्रमाच्या आदल्या रात्री ‘माझ्याकडे घालायला काहीच नाहीये’ अशी घोषणा होते. कपाट उघडलं की कपडे अंगावर कोसळतात, तरीही.

मुलांनो, तुम्ही हसू नका. ग्रुप फोटोत तोच चेक्सचा शर्ट तिसऱ्यांदा दिसला की तुमच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर त्या शर्टाचा वाढदिवस साजरा होतो, हे आम्हालाही माहितीये.

सध्या या दुखण्यावर एक औषध जोरात चाललंय. थ्रिफ्टिंग. २०२० च्या लॉकडाउनमध्ये आपल्याकडे इन्स्टाग्रामवर जुने कपडे विकणारी पेजेस भराभर निघाली आणि तेव्हापासून हा प्रकार थांबलेला नाही. ‘ड्रॉप’ रात्री आठला, एकच पीस, जो आधी मेसेज करेल त्याचा. दोन-तीनशे रुपयांत कॉर्डरॉयचं जॅकेट, वर पर्यावरण वाचवल्याचं समाधान. कोण नाही म्हणेल? मीही नाही म्हटलं नाही.

परवा सबमिशनच्या नादात कपाट आवरायला काढलं (सबमिशन असलं की कपाट आवरावंसं वाटतंच) आणि गेल्या दीड वर्षात थ्रिफ्ट केलेले कपडे मोजले. एकवीस निघाले. त्यातले पाचपेक्षा जास्त वेळा घातलेले किती? चार. उरलेले सतरा ‘सस्टेनेबल’ या नावाखाली माझ्या कपाटात आरामात झोपलेत.

म्हणून हे लिहायला घेतलं. सेकंड-हँड कपडे घेऊ नका, असं सांगायला नाही. जरूर घ्या, कसे घ्यायचे तेही पुढे सांगते. पण आपला खरा आजार वेगळा आहे. तो आहे कपडा रिपीट करायची लाज. ती लाज तशीच ठेवून नव्याच्या जागी जुने कपडे आणले, तर फक्त दुकान बदलतं. कपाट तसंच राहतं.

पहिला कपडा जुनाच होता

गंमत बघा. तुमच्या-माझ्यापैकी बहुतेकांच्या अंगाला लागलेला पहिला कपडा जुनाच होता. बाळाला नवं कापड टोचतं म्हणून आजीची धुऊन धुऊन मऊ झालेली सुती साडी फाडून त्याची दुपटी आणि लंगोट व्हायचे. मग ताईचा फ्रॉक, दादाची पँट, मावसभावाचा स्वेटर. युनिफॉर्म घ्यायचा तो ‘वाढत्या अंगाचा’ आणि दरवर्षी त्याची खालची पट्टी उसवून लांब करायचा. साडी विरली की तिची गोधडी, गोधडीतून उरलं तर पिशवी, मग पायपुसणं आणि शेवटी दादाची सायकल पुसायचं फडकं. याला कुणी ‘सर्क्युलर फॅशन’ म्हणत नव्हतं. घर चालवणं म्हणत होते.

आणि याच साखळीत एक बाई होती, अजूनही आहे. बोहारीण. डोक्यावर स्टीलच्या भांड्यांची पाटी घेऊन दुपारी गल्लीत हाळी द्यायची. आई साड्यांचा ढीग काढायची आणि मग अर्धा तास घासाघीस. जरीची साडी असेल तर पातेलं, नुसत्या मुलांच्या कपड्यांवर फार तर चहाची गाळणी. ती प्रत्येक कपडा उजेडाकडे धरून बघायची, विरलेला पटकन ओळखायची. या बायकांपैकी कित्येक जणी मूळच्या गुजरातकडच्या वाघरी समाजातल्या. घेतलेले कपडे त्यांची घरची माणसं धुतात, उसवलेलं शिवतात, इस्त्री करतात आणि बाजारात विकतात. दिल्लीच्या रघुबीर नगरमध्ये तर या जुन्या कपड्यांचा बाजार पहाटे अंधारात भरतो.

आपण ज्याला ‘क्युरेशन’ म्हणतो ना, निवडणं, धुणं, दुरुस्त करणं, गिऱ्हाइक शोधणं, ते सगळं या बायका पिढ्यान्‌पिढ्या करत आल्या आहेत. फक्त त्यांच्या पाटीला फिल्टर नव्हता. माझ्या एकवीस कपड्यांतलं ते कॉर्डरॉय जॅकेट मी तीनशे रुपये देऊन घेतलं, त्याच्या महिनाभर आधी आमच्या आईने बाबांचं जवळपास तसलंच जॅकेट बोहारणीला देऊन एक डबा घेतला होता. डबा अजून वापरात आहे. जॅकेट मी दोनदा घातलं.

लाज कुठून आली

आता एक जुनी गोष्ट सांगते. चौथीत होते. शाळेच्या गॅदरिंगला पिवळा फ्रॉक घालून गेले. आईने आदल्या रात्री बसून त्याची बटणं बदलली होती, कंबर आत घेतली होती. मला तो माझाच वाटत होता. वर्गातली एक मुलगी जवळ आली, झालर बोटाने उचलून म्हणाली, ‘हा माझा फ्रॉक होता ना?’ तिची आई आणि माझी आई एका ठिकाणी नोकरीला होत्या. मुलगी खरंच बोलली होती. भांडण नाही, टोमणा नाही. पण पुढच्या वर्षी गॅदरिंगच्या दिवशी माझ्या पोटात दुखलं. आईला खरं कारण मी बारावीनंतर सांगितलं.

आज मीच फोटोखाली ‘थ्रिफ्टेड’ असं अभिमानाने लिहिते. कपडा तेव्हाही दुसऱ्याचा होता, आत्ताही दुसऱ्याचाच आहे. मग फरक कशाचा? निवडीचा. आज माझ्याकडे नवा घ्यायचे पैसे असतात आणि तरी मी जुना घेते, म्हणून ती स्टाइल ठरते. तेव्हा पर्याय नव्हता, म्हणून ती लाज ठरली.

आपल्या समाजात तर हे फक्त पैशापुरतं नाही. ‘उतरलेले कपडे’ हा शब्द आपल्याकडे माणसाला त्याची जागा दाखवायला वापरला गेलाय. वरच्या जातीने उतरवलेलं खालच्या जातीने घालायचं, असं मनुस्मृतीत लिहून ठेवलं गेलं आणि गावगाड्यात पाळलंही गेलं. डिसेंबर १९२७ मध्ये महाडला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी स्त्रियांपुढे बोलताना लुगडं नेसण्याच्या पद्धतीचा आणि दागिन्यांचा विषय काढला होता. ज्या खुणांवरून जात ओळखू येते त्या टाका, स्वच्छ राहा, असं त्यांचं सांगणं होतं. कपडा ही किती गंभीर गोष्ट आहे हे त्यांना माहीत होतं. ज्यांच्या आजीने आयुष्यभर दुसऱ्याचं उतरलेलं नेसलं, त्या घरातल्या मुलाला पहिल्या पगारातून नवा, कोरा, टॅग लावलेला शर्ट घ्यावासा वाटला, तर त्याला ‘फास्ट फॅशन वाईट असते’ असं सांगायला आपण कोण?

म्हणून माझं पहिलं म्हणणं हे, की सस्टेनेबिलिटीचा उपदेश खालच्या दिशेने करू नका. ज्याच्याकडे चार शर्ट आहेत आणि चारही तो आलटून पालटून घालतो, तो तुमच्या-माझ्यापेक्षा आधीच जास्त सस्टेनेबल आहे. त्याच्याकडून शिकायचं आहे, त्याला शिकवायचं नाही.

एक टी-शर्ट म्हणजे किती?

आता ‘सतरा कपडे पडून आहेत तर बिघडलं काय’ याचं उत्तर.

एका सुती टी-शर्टमागे सुमारे २,७०० लिटर पाणी लागतं, असा अंदाज नेहमी दिला जातो. यात कापूस पिकवण्यापासूनचं पाणी धरलेलं असतं. हा झाला जगभरचा ढोबळ हिशोब. आपल्या विदर्भात बहुतेक कापूस कोरडवाहू, पावसाच्या भरवशावर. तिथे पाण्यापेक्षा जास्त खर्च होतो तो शेतकऱ्याच्या बियाण्याचा, फवारणीचा आणि झोपेचा. पॉलिस्टर घेतलं तर ते येतं खनिज तेलातून आणि प्रत्येक धुण्यात त्याचे प्लास्टिकचे बारीक धागे पाण्यात जातात.

मग येतात शिवणारे हात. २४ एप्रिल २०१३ रोजी ढाक्याजवळच्या सावर इथे राणा प्लाझा ही इमारत कोसळली. आत कपड्यांचे कारखाने होते. अकराशेहून जास्त माणसं गेली. भिंतींना तडे गेलेत हे आदल्या दिवशी दिसलं होतं, तरी कामगारांना आत पाठवलं गेलं, कारण ऑर्डर वेळेत द्यायच्या होत्या. १९९ रुपयांचा टॉप स्वस्त कसा पडतो, याचं उत्तर बरेचदा असं असतं. बाकीची किंमत दुसरं कुणीतरी भरत असतं.

कपडा तयार झाला की हा सगळा खर्च होऊन गेलेला असतो. तो परत मिळत नाही. आपल्या हातात एकच गोष्ट उरते, तो खर्च किती दिवसांवर पसरायचा. एकदा घालून ठेवला तर सगळा भार त्या एका दिवसावर. शंभरदा घातला तर शंभर दिवसांवर. म्हणून कपडा टिकाऊ आहे की नाही हे टॅगवर ठरत नाही आणि दुकानातही ठरत नाही. तुम्ही तो किती वेळा घातला, यावर ठरतं.

जुने कपडे जातात कुठे?

‘मी नको असलेले कपडे देऊन टाकते’ हे वाक्यही आपण फार सहज बोलतो. ते जातात कुठे, हे बघण्यासारखं आहे.

अमेरिका-युरोपात दान केलेल्या कपड्यांचा मोठा भाग गासड्या बांधून बाहेर पाठवला जातो. काही गासड्या गुजरातमधल्या कांडल्याला येतात. तिथल्या विशेष आर्थिक क्षेत्रात ते हातांनी निवडले जातात आणि बरेचसे पुन्हा दुसऱ्या देशांकडे रवाना होतात. आपल्या देशात विकण्यासाठी जुने कपडे आणायचे तर परवाना लागतो. लोकरीचे कपडे फाडून, चिंध्या करून हरियाणातल्या पानिपतला जातात. तिथे बायका पात्यांनी बटणं आणि चेन काढतात, रंगांप्रमाणे ढीग लावतात आणि त्या चिंध्यांपासून पुन्हा सूत काढून स्वस्त ब्लँकेट विणली जातात. मेघना गुप्ता यांचा ‘अनरॅव्हल’ (२०१२) नावाचा छोटा माहितीपट याच बायकांवर आहे. एवढे चांगले कपडे परदेशातले लोक टाकून का देतात, याचा त्या आपसांत अंदाज बांधतात. त्यांना वाटतं, तिकडे पाणी महाग असेल, धुणं परवडत नसेल, म्हणून लोक एकदोनदा घालून टाकत असतील! त्यांच्या दृष्टीने याशिवाय दुसरं शहाणं कारण असूच शकत नाही.

आणि जे कुणालाच नको असतं त्याचं काय? घानाची राजधानी अक्रा इथे कांतामांतो नावाचा जुन्या कपड्यांचा प्रचंड बाजार आहे. आठवड्याला सुमारे दीड कोटी कपडे तिथे येतात, असा तिथे काम करणाऱ्या संस्थेचा अंदाज आहे. स्थानिक भाषेत या कपड्यांना ‘ओब्रोनी वावू’ म्हणतात, म्हणजे मेलेल्या गोऱ्या माणसाचे कपडे. जिवंत माणूस एवढे कपडे टाकेल, हे सुरुवातीला कुणाला पटलंच नसणार. तिथले व्यापारी, शिंपी, रंगारी त्यातून जमेल तेवढं नवं करतात, पण न विकलेला ढीग नाल्यांत आणि समुद्रकिनाऱ्यावर जातो. जानेवारी २०२५ मध्ये या बाजाराला मोठी आग लागली आणि हजारो लोकांचा धंदा एका रात्रीत गेला. चिलीच्या अटाकामा वाळवंटात तर न विकलेल्या कपड्यांच्या टेकड्या उभ्या आहेत.

मुद्दा एवढाच, की ‘देऊन टाकणं’ म्हणजे नाहीसं होणं नव्हे. कपडा फक्त आपल्या डोळ्यांआड होतो.

आणखी एक. मुंबईची फॅशन स्ट्रीट असो की पुण्याच्या कॅम्पातली, तिथला बराचसा माल नवाच असतो. कारखान्यातून नाकारलेला, जास्तीचा किंवा सरळ कॉपी केलेला. स्वस्त म्हणजे सेकंड-हँड नव्हे. तिथून घेणं हा गुन्हा नाही, पण पिशव्या भरून घरी आल्यावर स्वतःला पर्यावरणवादी म्हणवून घेऊ नका, एवढंच.

आधी घरचं दुकान

मग स्टाइल करायचीच नाही का? करायची. उलट खरी स्टाइल इथूनच सुरू होते. दर आठवड्याला नवं आणून छान दिसणं सोपं आहे. त्याच कुर्त्यात सहा वेळा वेगळं दिसायला डोकं लागतं.

सुरुवात स्वतःच्या घरापासून करा. बाबांचा लिननचा शर्ट तुमच्यासाठी ‘ओव्हरसाइज्ड’ आहेच, बाह्या कोपरापर्यंत दुमडा आणि खाली सरळ पँट घाला. कॉलर घासून विरली असेल तर शिंप्याकडे न्या, तो कॉलर उलटवून लावून देतो. आजोबांचं जाकीट साध्या टी-शर्टवर चढवा. आईची सुती साडी लगेच कापायला घेऊ नका. ब्लाउजऐवजी शर्ट किंवा क्रॉप टॉप, वर बेल्ट, खाली स्नीकर्स, एवढ्यावर ती कॉलेजात जाते आणि संध्याकाळी अख्खी परत येते. पैठणीला तर कात्री लावण्याआधी शंभर वेळा विचार करा. कापलेला ड्रेस फक्त तुमच्या मापाचा, साडी मात्र कुणालाही होते. ती तुमच्यानंतरही कुणाला तरी नेसता येते.

फिकट झालेला काळा सुती कुर्ता असेल तर रंगाची पुडी आणून बादलीत बुडवा. पॉलिस्टरवर हा साधा रंग चढत नाही, आणि शिलाईचा दोराही बरेचदा पॉलिस्टरचा असल्यामुळे तो जुन्या रंगाचाच राहतो. चिडू नका, ती वेगळी दिसणारी शिलाईच कित्येकदा छान दिसते. जुन्या शर्टाची प्लास्टिकची बटणं काढून लाकडी किंवा पितळी लावा. सहा बटणांत शर्ट बदलतो.

घरात खरंच नसेल, तर मग बाजार. पुण्याचा जुना बाजार, मित्रमैत्रिणींची कपाटं, ऑनलाइन पेजेस. तिथे हे लक्षात ठेवा.

काख, कॉलर, मांडीची आतली बाजू आणि चेन या चार जागा आधी बघा. कपडा उजेडाकडे धरा, बोहारीण धरते तसा. विरलेला भाग लगेच दिसतो. वास घ्या. सुती कपड्याचा वास धुण्याने आणि उन्हाने जातो, पॉलिस्टरमधला घामाचा वास चिवट असतो. लेबलवरच्या साइझवर विश्वास ठेवू नका. ऑनलाइन घेताना आपला नीट बसणारा शर्ट पलंगावर पसरून काखेपासून काखेपर्यंत आणि खांद्यापासून खांद्यापर्यंत टेपने मोजा आणि विकणाऱ्याकडून तीच मापं मागवा. मी एकदा फोटोवर भाळून ही मापं न विचारता ब्लेझर घेतला, बाह्या बोटांच्याही पुढे आल्या आणि परत घेणार नाही असं उत्तर मिळालं. चूक अर्धी माझीही होती.

खांदा बसत असेल तर घ्या. लांबी, कंबर, बाही हे शिंपी सहज करून देतो, खांदा दुरुस्त करणं कटकटीचं आणि महागाचं असतं. आणि कपडा उलटा करून माया बघा. शिलाईच्या आत शिंपी जे जास्तीचं कापड सोडतो त्याला माया म्हणतात. जुन्या शिवलेल्या कपड्यांत बोटभर माया सापडते, कारण अंग वाढेल, बहिणीला द्यावा लागेल, हे शिवणाऱ्याने धरलेलंच असायचं. आजकालच्या स्वस्त टॉपमध्ये कापड वाचवायला ती जेमतेम ठेवतात. म्हणजे तो कपडा सैल करता येत नाही, दुसऱ्याला द्यायचा तर जुळवून घेता येत नाही. कपडा दीर्घायुषी आहे की नाही, हे ब्रँडपेक्षा मायेवरून जास्त कळतं.

आणि शेवटचा प्रश्न. लिव्हिया फर्थ यांनी ‘थर्टी वेअर्स’ म्हणून एक साधी कसोटी सांगितली आहे. हा कपडा मी किमान तीस वेळा घालणार आहे का? उत्तर ‘नाही’ असेल तर ठेवून द्या, मग तो कितीही जुना, स्वस्त आणि ‘विंटेज’ असो. विश्वास बसत नसेल तर हिशोब करा. तीनशेचं जॅकेट दोनदा घातलं, म्हणजे दर वेळेला दीडशे रुपये. बाराशेची नवी जीन्स शंभर वेळा घातली, म्हणजे बारा रुपये. माझं जॅकेट महाग पडलं.

कॉलेजांनो, तुमच्याशीही बोलायचंय

आता हे सगळं एकट्यादुकट्यावर सोडूनही चालणार नाही. कारण रिपीटची लाज आपण कॉलेजात सामुदायिकरीत्या तयार करतो.

साधं उदाहरण, फेस्टचे टी-शर्ट. प्रत्येक फेस्टला व्हॉलंटिअर्ससाठी नवे टी-शर्ट छापले जातात. छातीवर फेस्टचं नाव, पाठीवर स्पॉन्सर्सची यादी आणि ठळक अक्षरांत साल. दोन दिवसांनी त्यावर शिळेपणाचा शिक्का बसतो. आमच्या घरी तसल्या तीन टी-शर्टांनी ओटा पुसला जातो. टी-शर्टवर साल छापू नका, एवढी एक गोष्ट जरी कल्चरल कमिटीने ठरवली तरी तेच टी-शर्ट पुढच्या बॅचला देता येतील. त्याहून सोपं म्हणजे ‘सगळ्यांनी आपापला काळा टी-शर्ट घालून या’ आणि वर कापडी पट्टी किंवा बॅज. स्पॉन्सरचं नाव बॅनरवर तसंही असतंच.

दुसरं, ट्रॅडिशनल डे आणि ट्विनिंग. तीस जणींनी एकाच रंगाचा ड्रेस विकत घ्यायचा हट्ट कुणासाठी असतो? ज्या मुलीला तो परवडत नाही ती त्या दिवशी ‘आजारी’ पडते. मला ही पोटदुखी ओळखता येते. त्याऐवजी एक दिवस असा ठेवा, की सगळ्यांनी आधी घातलेलंच घालून यायचं, आईचं, आजीचं, भावाचं, किंवा स्वतःचंच पाचव्यांदा. आणि कुणाचं आहे त्याची गोष्ट सांगायची.

तिसरं, कपड्यांची अदलाबदल. एक वर्ग, चार टेबलं. धुतलेला, इस्त्री केलेला एक कपडा द्या, एक कूपन घ्या, एक कपडा उचला. कोण काय देतंय, कोण काय घेतंय याचे फोटो काढायचे नाहीत, ही अट हवीच. अदलाबदलीत प्रत्येक जण देणारा असतो आणि घेणाराही, म्हणून त्यात उपकाराची भावना राहत नाही. ‘गूंज’ ही संस्था हेच मोठ्या प्रमाणावर करते. १९९९ मध्ये अंशू गुप्ता यांनी ती सुरू केली आणि २०१५ मध्ये त्यांना रेमन मॅगसेसे पुरस्कार मिळाला. गावातले लोक विहीर खोदतात, रस्ता दुरुस्त करतात आणि त्या कामाचा मोबदला म्हणून शहरातून आलेले कपडे घेतात. भीक म्हणून नाही, कमाई म्हणून. कपडा तोच, पण घेणाऱ्याची मान ताठ राहते. चौथीतल्या मला नेमकं हेच हवं होतं, फक्त तेव्हा सांगता येत नव्हतं.

एवढंच करा

आज घरी गेल्यावर मागच्या कप्प्यात हात घाला. कुणीतरी काहीतरी बोललं म्हणून ठेवून दिलेला एक कपडा नक्की सापडेल. तो बाहेर काढा, बटण तुटलं असेल तर लावा आणि या आठवड्यात घाला. पुढच्या आठवड्यातही घाला.

आणि मैत्रिणीच्या अंगावर ओळखीचा कुर्ता दिसला तर ‘हा आधी घातला होतास ना?’ म्हणण्याऐवजी ‘हा तुला खरंच छान दिसतो’ म्हणा. तेवढ्या एका वाक्यामुळे कदाचित ती नवा घेणार नाही.

तरीही कुणी विचारलंच, तर उत्तर तयार ठेवा. हो, घातला होता. परवा परत घालणार आहे.